सतरावा खण

१

हेडमास्तर गेल्याचं सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी उघड झालं, आणि तेही चाळीस पर्यटकांच्या देखत.

इतिहासबाई फाटकापाशी उभ्या राहून रोजची टकळी चालवत होत्या. समोर समुद्रातला खडक, त्यावर सातशे वर्षांचं देवस्थान, आणि तिथवर जाणारी दगडी वाट. ओहोटीला ही वाट उघडी पडते, भरतीला पाण्याखाली जाते. एकतीस वर्षं बाई हेच सांगत आल्या होत्या आणि त्यातला विनोदही तोच होता. "मंडळी, देव थांबतो, भरती थांबत नाही. तेव्हा फोटो जरा आवरते घ्या." चाळीस माणसं हसली. बाईंचा भाऊ फाटकाचं कुलूप काढून पुढे गेला होता, तो वाटेच्या मध्यावर थबकला आणि तिथेच मटकन खाली बसला.

खडकाच्या खालच्या पायरीवर, शेवाळात, एक माणूस पालथा पडला होता. अंगात करडा कोट, पायात काळे बूट.

बाईंनी त्याला लगेच ओळखलं. आदल्या दिवशीच्या सहलीतले हे निवृत्त हेडमास्तर. भर घोळक्यात त्यांनी बाईंच्या तीन सनावळ्या दुरुस्त केल्या होत्या आणि तिन्ही वेळा ते बरोबर होते. बाईंना आधी राग आला होता, मग एकदम आवडूनच गेले होते ते.

"ताई," भाऊ जमिनीवरूनच म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "हे कसं झालं गं? त्यांच्या सतराव्या खणात सपाता होत्या. मी स्वतः बघितल्या. सपाता होत्या गं!"

२

खणांचं प्रकरण आधी सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं होतं.

देवस्थानाची फरशी जुन्या रंगीत दगडांची. बुटांनी ती झिजते, म्हणून फाटकापाशी साठ खणांचं एक लाकडी कपाट आहे. प्रत्येक खणात नंबर घातलेल्या रबरी सपाता. पाहुण्याने आपले बूट खणात ठेवायचे, सपाता घालून खडकावर जायचं आणि परत येताना उलट अदलाबदल करायची. म्हणजे खणात बूट असतील तर माणूस खडकावर आहे, आणि सपाता असतील तर तो बाहेर पडला. संध्याकाळी सहाला फाटकवाला कपाटाकडे बघतो. एखाद्या खणात बूट दिसले तर घंटा वाजवतो, स्वतः जाऊन त्या माणसाला घेऊन येतो. साठही खणांत सपाता असल्या की कुलूप लावतो. नियमाप्रमाणे खडकावर फेरी मारायलाच हवी, पण कपाट कधी खोटं बोललं नव्हतं, त्यामुळे ती फेरी कधीच बंद पडली होती. देवस्थानच्या कचेरीलाही ते ठाऊक होतं. आता मात्र सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

फाटकवाला म्हणजे बाईंचा भाऊ. अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. लग्न केलं नाही, फाटकाशेजारच्या दोन खोल्या हेच त्याचं जग.

फौजदार बाईंच्या भाच्यापेक्षाही लहान होता, पण सरळ माणूस होता. "बाई, मला यात काही गूढ दिसत नाही," तो म्हणाला. "म्हातारे परत आले, सपाता ठेवल्या, बूट घातले, बाहेर पडले. मुलाशी त्यांचं वाजलं होतं, डोकं तापलेलं. फिरून तसेच आत गेले. त्या वेळी तुमचा भाऊ फाटकावर नव्हता. असता तर त्यांना अडवलं असतं. नंतर आला, कपाट बघितलं, कुलूप ठोकलं. अंधारात म्हातारे भरतीच्या पाण्यात उतरले आणि बुडाले. हलगर्जीपणाने एक जीव गेला. उद्या दुपारपर्यंत मला कागद वर पाठवायचेत."

"आणि मग?"

"मग नोकरी जाईल, खोल्या जातील. आणि कोर्टाने मनावर घेतलं तर तुरुंग."

बाई भावाकडे गेल्या तेव्हा तो खाटेवर बसून बूट चढवत होता. लेस बांधली, तिची टोकं बोटाने बुटाच्या आत खोचली, मग कुठे जायचंय हे न सुचून तसाच बसून राहिला. त्याच्या भिंतीवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या डकवलेल्या. भरतीच्या वेळा. किल्ली डाव्या खिशात. गॅस बंद केला का. बाईंना त्याच्या या शिस्तीचं कौतुक होतं.

"तू फाटक सोडून कुठे गेला होतास का? खरं सांग."

"नाही गं ताई. चार वाजता खडकावरच्या पिंपात पाणी टाकायला जातो, तेवढंच. येऊन-जाऊन वीस मिनिटं. तेव्हा कुलूप घालून जातो, आतली माणसं आत, बाहेरची बाहेर. रोजचंच आहे ते." मग त्याने बहिणीचा हात धरला. "ताई, मी त्यांना मारलं का गं?"

"वेडा आहेस का?" बाई म्हणाल्या. "कोणी केलं ते मी शोधते. डोळे पूस आधी."

३

हेडमास्तरांचा मुलगा पाहुण्यांच्या निवासात खोलीचा पडदा ओढून बसला होता. टेबलावर बापाचा चष्मा, औषधांची पेटी आणि घडी न मोडलेला टॉवेल. बाई काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला.

"आई असताना ते दोघं इथे आले होते. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात. देवस्थानामागे एक बाक आहे म्हणे, त्यावर बसले होते. आईला जाऊन सहा महिने झाले. म्हणून हट्टाने मला इथे आणलं. आणि मी काय केलं? सगळे दीपगृह बघायला निघाले, हे उठेनात. दहा वेळा म्हटलं चला. शेवटी ओरडलो. म्हटलं, बसा मग इथेच!" त्याने तोंड फिरवलं. "हे शेवटचं बोललो मी त्यांच्याशी."

"रात्री शोधलं नाहीत?"

"त्यांची खोली वेगळी. निवास दहा मिनिटांवर, येतील चालत असं वाटलं. दार आतून लावून रागावून बसायची सवय होती त्यांना. मीही गेलो नाही. मीही रागावलो होतो ना!"

बाईंना त्याची कीव आली, पण भावासाठी आलेल्या बाईला कीव परवडत नाही. "बूट ते स्वतःच घालायचे?"

"छे. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वाकताच यायचं नाही. सकाळी मीच लेस बांधून द्यायचो. काल फाटकापाशीही मीच बूट काढले, सपाता चढवल्या."

बाई उठता उठता परत बसल्या. "म्हणजे परत येऊन आपले आपण बूट घालणं त्यांना शक्यच नव्हतं?"

"शक्यच नव्हतं. का?"

बाई चौकीकडे जवळजवळ धावतच निघाल्या. फौजदाराने कपाळाला आठ्या घातल्या, पण बूट दाखवले. पारदर्शक पिशवीत काळे बूट, लेस तशीच बांधलेली. "गाठ सुटेना, म्हणून तसेच ओढून काढले," तो म्हणाला. गाठ घट्ट होती, दुहेरी. टोकं कुठे लोंबत नव्हती, आत खोचलेली होती. बाईंनी ते पाहिलं आणि त्या पुढच्या मुद्द्यावर गेल्या.

"साहेब, वाकता न येणाऱ्या माणसाच्या लेसला दुहेरी गाठ कशी? हेडमास्तर परत आलेच नाहीत. कोणीतरी त्यांचे बूट खणातून काढून खडकावर नेले, त्यांच्या पायात घातले, सपाता आणून खणात ठेवल्या. झालं! कपाट सांगतंय माणूस बाहेर, आणि माणूस बाकावर. माझ्या भावाला फसवलंय कोणीतरी."

फौजदाराने पिशवी उलटीसुलटी करून गाठ पाहिली. "हे जर खरं असेल बाई, तर हा अपघात नाही," तो म्हणाला. "हा खून आहे."

बाईंना खरं तर आनंद झाला होता. त्या आनंदाची नंतर त्यांना फार लाज वाटली.

४

आता प्रश्न एवढाच उरला, की बूट कोणी नेले.

मुलाचा पहिला नंबर. पण दीपगृहाचा रखवालदार फटकळ माणूस, कोणाला पाठीशी घालणारा नव्हे. तो म्हणाला, "चार वाजता आख्खी बस वर आली. जिना एकच, एका वेळी एकच माणूस मावतो. खालचं दार मी लावून घेतो, नाहीतर फुकटे घुसतात. साडेपाचला सोडले सगळे. तो मुलगा वर गॅलरीत एकटाच उभा होता, खडकाकडे बघत. मला वाटलं उडी मारतोय की काय, म्हणून मी बाजूलाच थांबलो."

म्हणजे मुलगा सुटला, आणि त्याच्याबरोबर टूर मॅनेजरही, कारण तोही त्याच बंद दाराआड होता. टूर मॅनेजर भेटला तेव्हा पाचावर धारण बसलेली. "बाई, माझं लायसन जाईल हो! मला मुलाने सांगितलं, बाबा आपले येतील. मी म्हटलं, ठीक. यात माझं काय चुकलं?" त्याचं बरंच चुकलं होतं, पण त्याने बूट नेले नव्हते.

उरला फोटोवाला. खडकावर पाहुण्यांचे फोटो काढून फाटकाशी विकणारा हा गडी दिवसातून चार वेळा ये-जा करतो. त्याच्या स्वतःच्या सपाता, कपाटाशी त्याचा संबंध नाही. खांद्याला केवढी मोठी बॅग, तीत बुटांचे चार जोड मावतील. शिवाय आदल्या दिवशी हेडमास्तरांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं, समाधीवर पाय ठेवून कसले फोटो काढता म्हणून.

त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. बाई आत शिरल्या त्या दार लोटूनच. "काल चार ते पाच खडकावर होतास. बॅगेत काय होतं?"

फोटोवाला आधी हसला, मग बाईंचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "बाई, माझ्यावर येताय? मी वीस माणसांच्या एका कुटुंबाचे फोटो काढत होतो. आजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत. दर मिनिटाला एक फोटो आहे, वेळेसकट. बसा, दाखवतो."

त्याने कॉम्प्युटर लावला. चार वाजून बारा मिनिटं. पुढे वीस माणसं दात काढून उभी, मागे डाव्या कोपऱ्यात बाक, बाकावर करडा कोट. "पाय मोठे कर," बाई म्हणाल्या. पायांत करड्या सपाता. चार एक्केचाळीस. तेच कुटुंब, तोच बाक. पायांत काळे बूट.

बाई खुर्चीतून पुढे झुकल्या. "म्हणजे या अर्ध्या तासातच. कोण आलं होतं रे खडकावर तेव्हा?"

"कोणी नाही. फाटक बंद होतं ना त्या वेळी."

"नीट आठव. बूट काय उडत आले?"

"अहो खरंच कोणी नाही. दुसरी माणसं नव्हतीच. आम्ही आणि म्हातारेबुवा." फोटोवाला एकेक फोटो पुढे सरकवत होता. चार एकोणतीस. चार तीस. चार एकतीस. एकतिसाव्या मिनिटाच्या फोटोत बाकासमोर कोणीतरी गुडघ्यावर बसलं होतं. पाठ फोटोकडे, अंगात निळा शर्ट. बाजूला पाण्याचा कॅन.

"हा कोण मग?" बाई म्हणाल्या, पण उत्तर त्यांना आधीच कळलं होतं.

"हा?" फोटोवाला म्हणाला. "हा तर आपला धाकटा. तो काय, रोजच पाणी घेऊन येतो. त्याला कशाला मोजायचं?"

५

लेसची टोकं आत खोचायची, म्हणजे खडकावरच्या पायऱ्यांवर अडकायला होत नाही. सहा वर्षांच्या भावाला हे बाईंनीच शिकवलं होतं, स्वतःच्या बुटावर दहा वेळा करून दाखवत. चौकीत पिशवीतली गाठ बघताना त्यांच्या मनाने ते ओळखलं होतं. त्यांनीच ते बघायचं नाकारलं होतं.

आणि तेवढंच नव्हे. सहा महिन्यांपूर्वी धाकटा कुलपात किल्ली तशीच ठेवून झोपायला गेला होता. मग त्याने एकाच दिवसाची नोंद रजिस्टरमध्ये दोनदा केली. मग एक दिवस त्याने बाईंना विचारलं, भावजी कधी येणार गावाहून, आणि बाईंचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा चिठ्ठ्या लागल्या भिंतीवर. कचेरीतल्या सचिवांनी बाईंना बाजूला घेऊन विचारलंही होतं. "बाई, भाऊ विसरतो का हल्ली? तुम्ही म्हणाल तर आत्ताच सन्मानाने निवृत्त करू." आणि बाई हसून म्हणाल्या होत्या, "त्याला सातशे वर्षांचा इतिहास तोंडपाठ आहे, साहेब. एखादी किल्ली राहिली तर एवढं काय?" खोल्या गेल्या तर तो जाईल कुठे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्याला आपल्या घरी ठेवावं, हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. ते त्यांना नको होतं. एकटीचं घर, एकटीचा चहा, याची सवय लागली होती.

धाकटा खाटेवरच होता. बाईंनी छापून घेतलेला फोटो त्याच्या हातात दिला.

त्याने फोटो उजेडाकडे धरला. "हा मी?" बराच वेळ बघितला. "हो, मीच हा. शर्ट माझाच." त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, अंधारात काही चाचपडतोय असा चेहरा झाला. "पाय सुजले होते का गं त्यांचे? सपाता रुतत होत्या. मी म्हटलं, काका, थांबा, तुमचे बूट आणून देतो, फरशीवर नाही ना चालायचं, बाकावर तर बसायचंय. असं म्हटलं का मी? का आत्ता मनानेच म्हणतोय?"

"म्हटलं असशील. तू म्हटल्याशिवाय राहणारच नाहीस."

"मग सपाता आणून मी खणात ठेवल्या."

"हो."

"आणि सहा वाजता बघितलं, सतराव्यात सपाता." त्याने फोटो खाटेवर ठेवला. "ताई, त्यांनी घंटेची वाट बघितली असेल. मी घंटाच वाजवली नाही."

मग तो रडला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस भिंतीला डोकं टेकून रडला, आणि बाईंना त्याला गप्प बस म्हणवेना. फसवणारा कोणी नव्हता, खुनी नव्हता, ज्याच्यावर रागवावं असं जगात कोणीच नव्हतं. कोणीतरी असावं म्हणून त्या सकाळपासून वणवण फिरत होत्या. म्हाताऱ्याच्या दुखऱ्या पायांची फक्त एका माणसाला दया आली, आणि त्या दयेनेच म्हातारा बुडाला.

"त्यांच्या मुलाला वाटत असेल, आपल्या बोलण्याने गेले," धाकटा नाक पुसत म्हणाला. "त्याला सांगायला हवं, त्याच्यामुळे नाही म्हणून. चल, आत्ताच चल साहेबांकडे."

बाईंनी फोटो खाटेवरून उचलला. फोटो एकच होता, आणि फोटोवाल्याला त्यात काहीच दिसलं नव्हतं. हा कागद चुलीत घातला तर? पण त्या पडद्याआड बसलेला मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"तोंड धू," त्या म्हणाल्या. "स्वच्छ शर्ट घाल. मी थांबते बाहेर."

६

बाहेर दुपारचं ऊन होतं. फाटकाबाहेर नवी सहल उभी होती आणि दुसरा कोणीतरी गाईड देवस्थानाचं बांधकाम चुकीच्या शतकात ढकलत होता. बाईंना त्याला टोकावंसं वाटलं नाही. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

धाकटा बाहेर आला. केस नीट विंचरलेले, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. उन्हाने त्याने डोळे बारीक केले आणि प्रसन्नपणे बहिणीकडे बघितलं.

"कुठे निघालोय गं आपण?"

बाईंनी त्याच्या चेहऱ्यावर थोडीतरी आठवण शोधली. काही नव्हतं. डोळे मात्र लाल होते, आणि ते लाल का आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्यांनी त्याला पुन्हा सगळं सांगितलं. तिथेच, पायरीवर उभं राहून, फोटो दाखवून. तो पुन्हा "हा मी?" म्हणाला, पुन्हा त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, पुन्हा तो हमसून रडला. दुःख जराही शिळं झालेलं नव्हतं. बाईंनी त्याची बटणं सोडून नीट लावली, हात धरला, आणि दोघं बाजाराच्या रस्त्याने चालू लागले. दुकानदार ओळखीचे, पण कोणी हाक मारली नाही. धाकटा मात्र दोघातिघांकडे बघून हसला.

चौकीच्या दाराशी त्याने हात मागे ओढला. पाटी वाचली. मग बाईंकडे वळून हळूच, काळजीने विचारलं, "ताई, चौकीत कशाला? काय झालंय?"

तिसऱ्यांदा सांगायला बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना ते जमलं नाही.

"माझ्याकडून एक मोठी चूक झाली रे," त्या म्हणाल्या. "चार महिन्यांपूर्वी मला कोणीतरी विचारलं होतं, आणि मी खोटं सांगितलं. ते साहेबांना सांगायचंय."

धाकट्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी बाई त्याच्या पाठीवरून फिरवायच्या तसा.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "मी आहे ना बरोबर. मी बोलतो साहेबांशी."

आणि बहिणीसाठी दार उघडून धरून तो आधी आत गेला.